कॉलेज फुटबॉल: राखीव लाइनमन ऑगस्टमध्ये कसे जोखायचे

२० जानेवारी २०२५ रोजी अटलांटात अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा अंतिम सामना झाला आणि ओहायो स्टेटनं नोटर डेमला ३४-२३ असं हरवलं. नंतर चर्चा झाली ती क्वार्टरबॅकची, म्हणजे पास फेकणाऱ्याची, आणि झेल घेणाऱ्यांची. पण त्या दिवशी दोन्ही बाजूंचे सेंटर, म्हणजे लाइनच्या मधोमध उभे राहणारे, कोण होते ते पाहा. ओहायो स्टेटचा कार्सन हिन्झमन आणि नोटर डेमचा पॅट कूगन. पाच महिन्यांपूर्वी, ऑगस्टच्या शिबिरात, दोघांपैकी एकही आपल्या संघाचा पहिल्या पसंतीचा सेंटर नव्हता. ओहायो स्टेटच्या डाव्या टोकाला उभा असलेला डॉनोव्हन जॅक्सन मुळात गार्ड, म्हणजे सेंटरच्या शेजारचा. नोटर डेमच्या डाव्या टोकाचा चार्ल्स जगूसा तर ऑगस्टमध्येच छातीचा स्नायू फाटून बाहेर गेला होता आणि थेट जानेवारीत मैदानावर परतला होता.

शेवटच्या दोन संघांची ही गत, तर बाकीच्यांचं काय सांगावं! पाच लाइनमन पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत तेच राहिले असं क्वचितच घडतं. म्हणून ऑगस्टमध्ये क्वार्टरबॅक कोण होणार यावर आठवडे घालवण्यापेक्षा सहावा, सातवा आणि आठवा लाइनमन कोण हे नीट पाहणं जास्त कामाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकणाऱ्या, विद्यार्थी वृत्तपत्रासाठी संघाच्या बातम्या लिहिणाऱ्या, संघाच्या व्हिडिओ किंवा आकडेवारीच्या खोलीत हातभार लावणाऱ्या, किंवा शनिवारी घरी बसून सामना बघणाऱ्या मराठी वाचकासाठी हा लेख आहे. खेळाची तोंडओळख आहे असं धरलंय, तरी लाइनपुरती थोडी उजळणी करून घेऊ.

आधी उजळणी

आक्रमणाच्या अकरा जणांपैकी पाच लाइनमन. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. जर्सीवर ५० ते ७९ मधला आकडा. यांना चेंडू घेऊन पळायचं नसतं, झेल घ्यायचा नसतो. समोरच्याला अडवायचं, नाहीतर रेटून वाट मोकळी करायची. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर त्याची पाठ डाव्या टोकाकडे वळते, म्हणून डावा टॅकल म्हणजे त्याचा पाठराखा. सेंटरकडे आणखी दोन कामं असतात: चेंडू मागे देणं (स्नॅप), आणि बचावाची मांडणी वाचून बाकी चौघांना कोणी कोणाला धरायचं ते ओरडून सांगणं. वजन बहुतेकांचं ३०० पौंडांच्या, म्हणजे साधारण १३६ किलोच्या आसपास किंवा वर.

क्रिकेटमधला बारावा गडी क्षेत्ररक्षणापुरता येतो, त्याला बॅट धरावी लागत नाही. राखीव लाइनमनचं तसं नाही. कोणी जमिनीवर पडून उठला नाही की पुढच्याच चालीला त्याला सगळंच करायचं असतं.

एकच प्रश्न हाताशी ठेवा

राखीव खेळाडू मूळ खेळाडूपेक्षा कमी असणारच. नाहीतर तो राखीव नसता. त्यामुळे 'किती चांगला आहे' या प्रश्नातून फारसं हाती लागत नाही. विचारायचं ते असं: हा आत आला तर प्रशिक्षकाला चालींच्या वहीतली कोणती पानं बाजूला ठेवावी लागतील?

नोटर डेमचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये जगूसा गेला आणि डाव्या टॅकलची जागा अँथनी नॅप या पहिल्या वर्षाच्या मुलाकडे आली. ३१ ऑगस्टला पहिलाच सामना टेक्सस ए अँड एमच्या घरी, काइल फील्डवर, एक लाखाहून जास्त लोकांसमोर. समोर शेमार स्टुअर्ट आणि निक स्कूर्टन, पुढच्याच वर्षी एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, निवडले गेलेले दोन धडाडीचे बचावपटू. त्या दिवशीच्या पाचही लाइनमनची आधीच्या मोसमांतली सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांची बेरीज होती सहा. नोटर डेमनं चेंडू लवकर हातावेगळा केला, क्वार्टरबॅक रायली लेनर्डचे पाय वापरले, धीर धरला आणि सामना २३-१३ असा काढला. जेरेमाया लव्हची विजयी २१ यार्डांची धाव आली तेव्हा दोनच मिनिटं उरली होती. कुठली पानं बाजूला ठेवायची हे त्यांनी शिबिरातच ठरवलेलं दिसत होतं. मूल्यमापन कामाला येतं ते असं.

पहिली पायरी: तक्ता, पण डेप्थ चार्टची नक्कल नको

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पूर्ण यादी घ्या. २०२५ पासून एका संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू ठेवता येतात. त्यात लाइनमन पंधरा-सोळाच्या आसपास निघतात. पहिले पाच बाजूला काढा. उरलेल्यांसाठी प्रत्येकी एक ओळ आणि हे रकाने: कितवं वर्ष, गेल्या वर्षीचं आणि यंदाचं वजन, आजवर कोणत्या जागांवर खेळला, डावीकडे की उजवीकडे, सेंटर म्हणून चेंडू देता येतो का, खऱ्या सामन्यात किती चाली खेळला, आणि सध्याची दुखापत.

प्रशिक्षक जाहीर करतात तो डेप्थ चार्ट, म्हणजे प्रत्येक जागेच्या पसंतीक्रमाची यादी, बाजूला ठेवा. त्यात प्रत्येक जागेखाली दुसरं नाव असतं, कधी दोन नावांमध्ये 'किंवा' असतं. हा 'किंवा' बऱ्याचदा कोणाला दुखवायचं नाही म्हणून घातलेला असतो. दुसरी अडचण जास्त मोठी. त्या कागदावर पाच जागांचे पाच वेगळे राखीव दिसतात, पण मैदानावर तसं क्वचितच होतं.

ओहायो स्टेट, २०२४. १२ ऑक्टोबरला यूजीनमध्ये ऑरेगनविरुद्ध डावा टॅकल जॉश सिमन्स गुडघ्याच्या दुखापतीनं संपूर्ण मोसमाला मुकला. पुढच्या सामन्यात, नेब्रास्काविरुद्ध, कागदावरचा राखीव टॅकल उभा केला. सामना २१-१७ असा कसाबसा सुटला. त्यानंतर पेन स्टेटविरुद्ध जॅक्सनला डाव्या गार्डवरून टॅकलला सरकवलं आणि हिन्झमनला गार्ड केलं. नोव्हेंबरमध्ये सेंटर सेथ मॅक्लॉकलिनचा घोट्यामागचा स्नायूबंध सरावात तुटला. मग हिन्झमन सेंटर, आणि गार्डच्या जागी ल्यूक माँटगोमेरी. दोन जण गेले, पण हलल्या तीन जागा. शिवाय टॅकलची रिकामी जागा भरून काढली ती एका गार्डनं.

मिशिगनचं २५ नोव्हेंबर २०२३ चं उदाहरण याहून नेटकं. ओहायो स्टेटविरुद्ध उजवा गार्ड झॅक झिंटरचा पाय मोडला. मैदान सुन्न झालं. कार्सन बार्नहार्ट उजव्या टॅकलवरून गार्डला सरकला आणि ट्रेंट जोन्स टॅकलला आला. पुढच्याच चालीला ब्लेक कोरम २२ यार्ड पळून गोल रेषेपार. मिशिगननं तो सामना ३०-२४ असा जिंकला आणि जानेवारीत अजिंक्यपदही. एका चालीच्या अंतरात दोन जागांची अदलाबदल झाली आणि घडी विस्कटली नाही, कारण ती अदलाबदल आधी घोटलेली होती.

म्हणून तक्त्याखाली आणखी पाच ओळी लिहा: 'डावा टॅकल गेला तर...', 'डावा गार्ड गेला तर...' अशा पाचही जागांच्या. प्रत्येकीसमोर आत कोण येईल आणि कोण कुठे सरकेल ते. शिबिराच्या पहिल्या दिवशी या ओळी कोऱ्या असतील, नाहीतर अंदाजानं भरलेल्या. त्या पक्क्या करणं हेच महिनाभराचं काम.

दुसरी पायरी: आज अंगावर काय आहे ते आधी लिहा

पहिल्या सामन्याआधी एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार मैदानावरचे सराव २५ पर्यंत. २०२१ मध्ये नियम आणखी आवळले: पूर्ण पॅड घालून जास्तीत जास्त ९ सराव, एका सरावात पूर्ण धडकेचा वेळ ७५ मिनिटांपर्यंत, स्क्रिमेज (संघातल्या संघात खेळायचा सराव सामना) दोनच, आणि दोघांना समोरासमोर उभं करून नुसतं भिडवण्याचा तो जुना ओक्लाहोमा ड्रिल बंद. सुरुवातीचे दिवस शरीर उन्हाला सरावण्यासाठी, फक्त हेल्मेटवर.

याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की लाइनमनची खरी परीक्षा होईल असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नोंदवहीच्या पानावर सगळ्यात वर लिहा: हेल्मेट, अर्धे पॅड की पूर्ण पॅड. हेल्मेटच्या दिवशी पावलं बघा, योग्य माणसाकडे जातोय का बघा, ताकदीबद्दल एक शब्दही लिहू नका. या दिवसांत चपळ, हलका पोरगा नेहमीच उजवा दिसतो. पूर्ण पॅडच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच दोन-दोन यार्ड मागे सरकायला लागतो.

बाहेरच्या माणसाला शिबिर फारसं दिसत नाही. बहुतेक संघ पत्रकारांना सुरुवातीच्या थोड्याच मिनिटांपुरते आत घेतात, एखादा दिवस सर्वांसाठी खुला ठेवतात. उरतात ते संघानं समाजमाध्यमांवर टाकलेले तुकडे. त्यांत लाइनमन हरलेला दिसला तर तो बचावपटूची जाहिरात म्हणून निवडलेला तुकडा आहे हे ध्यानात असू द्या. अशा तुकड्यांमधून एकच गोष्ट खात्रीनं मिळते: कोण कोणाशेजारी उभा आहे. तेवढीच टिपा. ती बहुमोल असते.

तिसरी पायरी: बघायचं काय

चेंडूवरची नजर काढा. सवय लागायला वेळ जातो, पण इलाज नाही. एका चालीला एकच लाइनमन बघायचा.

पावलं आधी. पास अडवताना टॅकल मागे सरकतो तेव्हा त्याचं बाहेरचं पाऊल पडतं आणि आतलं त्याच्या मागोमाग येतं. दोन्ही पावलं एकमेकांना चिकटली की तोल गेला. राखीव टॅकलची नेहमीची खोड म्हणजे समोरच्याच्या वेगाला घाबरून फार लवकर बाहेर वळणं. कंबर बाहेर वळली की आतली वाट उघडी पडते आणि बचावपटू आत वळून थेट क्वार्टरबॅकपाशी. वेगानं बाहेरून हरणं एकवेळ चालेल, क्वार्टरबॅक पुढे पाऊल टाकून निसटू शकतो. आतून हरला तर कोणाच्याच हाती काही उरत नाही.

मग हात. हात समोरच्याच्या छातीवर, आतल्या बाजूनं, कोपर अंगाजवळ. हात रुंद पडले की पकड जर्सीवर जाते आणि पंचाचा पिवळा रुमाल पडतो, १० यार्डांचा दंड. डोकं आणि खांदे पुढे झोकून देणारा मुलगा सरावात अधूनमधून जबरदस्त दिसतो. एखाद्याला उताणा पाडतो, सगळे ओरडतात. अशा चालीवर खूष होऊ नका. पुढच्या तीन चालींत तोच पोरगा हवेत हात मारताना दिसेल.

नंतर ताकद, म्हणजे बचावपटूनं छातीवर धडक देऊन रेटलं तर तो कुठे थांबतो. पहिलं पाऊल मागे जाणं साहजिक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला कंबर खाली जाऊन टाचा रुतल्या पाहिजेत. गार्ड आणि सेंटरसाठी हे सर्वांत महत्त्वाचं, कारण मधून रेटा आला तर क्वार्टरबॅकला पुढे सरकायला जागाच राहत नाही.

शिबिरातला एकास-एक पास ड्रिल लोकांना फार आवडतो. माझा त्यावर विश्वास कमी. बचावपटूला दोन्ही बाजूंना मोकळं मैदान, लाइनमनला शेजारी कोणाचा आधार नाही, आणि पास येणार हे दोघांनाही ठाऊक. तिथे बचावपटू जास्त वेळा जिंकणारच. हार-जीत मोजू नका. पहिल्या फटक्याला हरल्यावर तो सावरतो का, आणि त्याच बचावपटूकडून त्याच डावपेचाला पुन्हा फसतो का, एवढंच पाहा.

खरं काय ते दिसतं अकराजणांच्या सरावात, आणि त्यातही बचावाच्या स्टंटमध्ये. दोन बचावपटू वाटा बदलतात: बाहेरचा आत घुसतो, आतला वळसा घालून बाहेर येतो. गार्ड आणि टॅकलनं आपापला माणूस एकमेकांच्या हवाली करायचा असतो. दोघंही एकाच माणसामागे गेले तर दुसरा मोकळा सुटतो. पहिल्या पाचजणांना शेजारच्याची सवय झालेली असते. राखीव खेळाडू आत येतो तेव्हा पहिली शिवण इथेच उसवते, आणि विरोधी प्रशिक्षकही तो आल्या आल्या स्टंटच पाठवतो. अशी प्रत्येक चाल वेगळ्या रंगानं टिपा.

धावेच्या चालींत दोन गोष्टी. शेजाऱ्याबरोबर एका बचावपटूला दुहेरी रेटून मग वेळेवर सुटून बचावाच्या दुसऱ्या रांगेतल्या लाइनबॅकरपर्यंत पोचतो का, की पहिल्याच माणसाला चिकटून बसतो. आणि गार्ड असेल तर, रेषा सोडून आडवं पळत दुसऱ्या बाजूला जाऊन अडवता येतं का. हे जमत नसेल तर पॉवरसारख्या, आडवं पळणाऱ्या गार्डवर बेतलेल्या चाली त्या बाजूपुरत्या वहीतून गेल्या. लिहून ठेवा.

सेंटरसाठी वेगळं पान. क्वार्टरबॅक मागे उभा असताना चेंडू पाच यार्ड हवेतून जातो. तो छातीपाशी आला पाहिजे. पायाशी किंवा खांद्यावरून गेला तर झेलला गेला तरी चाल बिघडली, कारण क्वार्टरबॅकची नजर बचावावरून चेंडूवर आली. प्रत्येक स्नॅप तीन खुणांपैकी एकीनं नोंदवा: नीट, वाकडा, वाया. हिन्झमन काय किंवा कूगन काय, दोघंही संघाला तारून गेले ते आणखी एका गुणावर. रेषेवर काय घडतंय ते त्यांना आधी कळायचं आणि बाकीच्यांना सांगता यायचं. कूगन २०२३ मध्ये गार्ड होता, २०२४ च्या शिबिरात त्याची जागा गेली. सप्टेंबरमध्ये पर्ड्यूविरुद्ध सेंटर ॲश्टन क्रेगचा गुडघा गेला आणि तिथून अंतिम सामन्यापर्यंत कूगनच सेंटर. राखीव सेंटर बोलतो का, हात दाखवून सांगतो का, हे मैदानाच्या कडेवरूनही दिसतं.

चौथी पायरी: गुण देणं

बऱ्याच संघांत प्रत्येक चालीला अधिक किंवा उणे असा साधा शेरा देतात. तेवढं पुरतं, पण एक भर घाला: महागडी चूक. बचावपटू हात न लागता क्वार्टरबॅकपर्यंत पोचला, स्नॅप वाया गेला, पकडल्याचा किंवा स्नॅपआधी हलल्याचा दंड झाला, तर त्या उणेभोवती वर्तुळ काढा.

का ते पाहा. मानू या, एका मुलाच्या ४० चालींत ३५ अधिक, ५ उणे, आणि त्या पाचांतली चार वर्तुळात. दुसऱ्याच्या ४० मध्ये २९ अधिक, ११ उणे, पण वर्तुळ एकच. टक्केवारीत पहिला पुढे. शनिवारी मी मात्र दुसऱ्याला खेळवीन. तो अकरा वेळा थोडा हरला, धाव दोन यार्डांवर थांबली, खेळ चालू राहिला. पहिल्यानं चार वेळा क्वार्टरबॅकला मार खाववला.

वर्तुळातल्या चुकांचं कारण शेजारी एका शब्दात लिहा: 'डोकं' किंवा 'अंग'. चुकीच्या माणसाकडे गेला असेल तर डोकं. योग्य माणसाकडे गेला पण हरला तर अंग. डोक्याच्या चुका तीन आठवड्यांत कमी होऊ शकतात, आणि झाल्या पाहिजेत. अंगाच्या चुका ऑगस्टमध्ये जात नाहीत, त्यासाठी हिवाळाभर व्यायामशाळेत घाम गाळावा लागतो.

प्रो फुटबॉल फोकससारख्या संस्था प्रत्येक चालीवरून लाइनमनला गुण देतात. गेल्या वर्षीचे ते आकडे बघायला हरकत नाही. फक्त राखीव खेळाडूच्या चाली मोजक्या असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा सामना निकाली निघाल्यावर, दमलेल्या किंवा दुय्यम बचावासमोर खेळलेल्या. असल्या आकड्यांवर मत बनवू नका.

पाचवी पायरी: समोर कोण, शेजारी कोण

दुसरी फळी दुसऱ्या फळीशी खेळते तेव्हा दोन्हींपैकी कोण चांगला आणि कोण वाईट ते कळत नाही. राखीव टॅकलनं अख्खा स्क्रिमेज गाजवला आणि समोर पहिल्या वर्षाचा कोवळा पोरगा होता, असं नेहमी घडतं. त्यामुळे प्रत्येक नोंदीत समोरच्याचा जर्सी क्रमांक हवा.

सर्वांत मोलाच्या चाली कोणत्या, तर पहिल्या पाचांपैकी कोणाला विश्रांती दिली किंवा कोणाचा घोटा मुरगळला म्हणून राखीव खेळाडू पहिल्या फळीत उभा राहतो त्या. शेजारी अनुभवी, समोर पहिला बचाव. अशा वीस चाली दुसऱ्या फळीतल्या शंभर चालींना भारी. शिवाय प्रशिक्षक त्या वेळी कोणाला हाक मारतो हाच डेप्थ चार्ट. तुमच्या तळाच्या पाच ओळी इथेच भरतात.

बाजूही नोंदवा. उजव्या टॅकलला डावीकडे नेलं की उभं राहण्याची ठेवणच उलटी होते, मागचा पाय पुढे येतो. दोन्हीकडे चालणारा एक टॅकल असला की संघाला प्रवासात एक माणूस कमी न्यावा लागतो. तिन्ही आतल्या जागा सांभाळणारा गडी असला तर आणखी उत्तम. सरासरी ताकदीचा पण चार जागा जाणणारा खेळाडू बहुतेकदा सहावा माणूस ठरतो. एकाच जागेवर झळकणारा आठवा राहतो आणि त्याच्या घरच्यांना ते पटत नाही.

सहावी पायरी: अंग, ऊन आणि वजन

यादीतल्या वजनावर विसंबू नका, तो आकडा कधीकधी वसंतातलाच असतो. पाहायचं ते स्क्रिमेजच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत. खांदे वर येतात का, कंबर वाकायची थांबते का, चालींच्या मध्ये हात गुडघ्यांवर जातात का. एका उन्हाळ्यात पंचवीस पौंड वाढवलेला मुलगा सुरुवातीला भक्कम आणि शेवटी ओझं वाहणारा दिसू शकतो.

पण दम लागणं ही चारित्र्याची परीक्षा समजू नका. २९ मे २०१८ रोजी मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा लाइनमन जॉर्डन मॅकनेअर धावण्याच्या सरावात उष्माघातानं कोसळला. त्याला वेळेत थंड पाण्यात बुडवलं गेलं नाही. १३ जूनला तो गेला. थोराड शरीरातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, त्यामुळे मैदानावर सर्वाधिक धोका लाइनमनलाच असतो. संघाच्या आत काम करत असाल आणि कोणी अडखळत, असंबद्ध बोलत, भेलकांडत असेल तर नोंदवही टाका आणि ट्रेनरला हाक मारा. बाहेरून लिहिणाऱ्यानंही 'अमुक जण धावायला कमी पडला' हे वाक्य लिहिण्याआधी त्या दिवशीचं तापमान बघावं.

सातवी पायरी: वर्ष, रेडशर्ट आणि पोर्टल

हे पटकन उरकू. २०१८ पासूनच्या नियमानुसार खेळाडू चार सामन्यांपर्यंत खेळला तरी त्याच्या खेळण्याच्या पात्रतेतलं ते वर्ष खर्ची पडत नाही; यालाच रेडशर्ट म्हणतात. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलासमोर 'फक्त चार सामने' असा शेरा असू शकतो. प्रशिक्षक तो बोलून दाखवत नाहीत, पण चौथ्यानंतर मुलगा अचानक दिसेनासा झाला तर कारण हेच. पहिल्या वर्षाचा टॅकल नॅपसारखा लगेच उभा राहतो हे विरळा. अठराव्या वर्षी बावीस-तेवीसच्या बाप्यांसमोर उभं राहायचं असतं.

पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी, सुरू झाल्यापासून चांगला राखीव खेळाडू टिकवणं अवघड झालंय. जागा मिळाली नाही की तो दुसरं विद्यापीठ बघतो. २०२६ पासून बदलीची वसंतातली खिडकी (मुदत) बंद होऊन जानेवारीतली एकच उरली. ऑगस्टमध्ये दोन टॅकल दुखावले तर बाहेरून कोणी आणायची सोय जवळपास नाही. म्हणून तुमचा तक्ता तयार करताना वर्षाची सुरुवात जानेवारीतच होते: कोण गेलं, कोण आलं, आणि आलेला कोणत्या पद्धतीच्या संघातून आला.

आठवी पायरी: कार्ड

पहिल्या सामन्याच्या आठवड्यात प्रत्येक राखीव खेळाडूचं एक कार्ड करा. चार ओळींपेक्षा जास्त नको, आणि विशेषणं नकोत. नमुना असा:

'सातवा माणूस. तिसरं वर्ष. उजवा गार्ड, उजवा टॅकल. डावीकडे सरावात फक्त दोनदा.
पहिल्या फळीबरोबर दोन दिवस. वर्तुळं तीन, तिन्ही स्टंटवर, तिन्ही डोक्याची. शेवटच्या आठवड्यात एकही नाही.
आडवं पळून अडवणं जमतं. वेगवान बचावपटूसमोर एकटा सोडू नये.
आत आला तर: त्या बाजूला टाइट एंड किंवा रनिंग बॅकची मदत; लांब पास कमी; पॉवर चालू राहील.'

(टाइट एंड टॅकलशेजारी उभा राहून अडवतो आणि झेलही घेतो; रनिंग बॅक चेंडू घेऊन पळतो.) शेवटची ओळ लिहिता येत नसेल तर कार्ड अपुरं आहे. पुन्हा व्हिडिओ बघा.

पाच-सहा कार्डं झाली की तळाच्या पाच ओळींशी ताडून पाहा. दोन वेगवेगळ्या दुखापतींसाठी तुम्ही एकाच माणसाचं नाव लिहिलं असेल, तर हरकत नाही, तो सहावा माणूस. पण दोन्ही दुखापती एकदम झाल्या तर काय, तेही एका ओळीत लिहा. ओहायो स्टेटला नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच लिहावं लागलं.

बाहेरच्या मैदानावर पहिला सामना असेल तर आणखी एक तपासणी. गोंगाटात क्वार्टरबॅकचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून गार्ड मागे बघून सेंटरला स्पर्शानं इशारा करतो आणि मग चेंडू निघतो. राखीव गार्ड किंवा सेंटरनं हे सरावात, कर्ण्यांवरचा कृत्रिम आवाज लावून, केलंय का? केलं नसेल तर स्नॅपआधी हलल्याचे पाच-पाच यार्डांचे दंड ठरलेले.

सामना सुरू झाला की पहिल्या फील्ड गोलला दुर्बीण लाइनवर लावा. तिथे राखीव लाइनमन उभे असतात. किकसाठी कोणावर भिस्त ठेवली हे तिथे समजतं. आघाडी मोठी झाली तर दुसरी फळी कितव्या मिनिटाला आली, पाचही एकदम आले की एकेक करून, आणि पहिल्या पाचांपैकी कोणाला आतच ठेवलं, हे टिपा. एकेक करून आणणारा प्रशिक्षक अदलाबदल घोटवून घेत असतो. तिसऱ्या सामन्यानंतर कार्डं नव्यानं लिहा, ऑगस्टमधली फेकू नका. पुढच्या शिबिरात तोच मुलगा समोर असेल, तेव्हा कोणती वर्तुळं गेली आणि कोणती राहिली ते त्यांवरूनच कळेल.